ऑफिस, पोट आणि वजन: सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. कंपनीत ऍडमिनला आहे, दरवर्षीचा हेल्थ चेकअप कॅम्प लावणं माझ्याकडे असतं, त्यामुळे रिपोर्ट हातात पडले की लोक डॉक्टरांच्या आधी माझ्या टेबलापाशी येतात. तेच तेच प्रश्न ऐकून शेवटी लिहूनच काढले. जिथे डॉक्टरांनाच विचारायला हवं तिथे तसं लिहिलंय, तेवढं प्लीज पाळा.

१. रिपोर्टवर 'ओव्हरवेट' आलंय, पण मला तर तसं वाटत नाही. हे ठरवतात कसं?

बीएमआयवरून. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि त्याने वजनाला भागायचं. समजा उंची १७० सेंमी आणि वजन ७० किलो, तर बीएमआय येतो २४.२. जगभरात २५ च्या पुढे ओव्हरवेट आणि ३० च्या पुढे लठ्ठ धरतात, त्या हिशोबाने हा माणूस पास. पण आपल्याकडचे डॉक्टर भारतीयांसाठी २३ आणि २५ हे आकडे वापरतात, म्हणून तोच माणूस इथे नापास. त्यामुळे नेटवरच्या कुठल्यातरी कॅल्क्युलेटरवर 'नॉर्मल' आणि रिपोर्टवर 'ओव्हरवेट' असं झालं तर लॅबने चूक केली म्हणून माझ्याशी भांडायला येऊ नका. आणि तुम्ही एकटे नाही, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) २५ चा आकडा धरूनसुद्धा शहरातल्या ३३.२ टक्के बायका आणि २९.८ टक्के पुरुष वरच्या गटात निघाले होते.

२. आपल्यालाच वेगळा नियम का? गोऱ्यांना २५ आणि आपल्याला २३?

याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे काटा तोच, आत माल वेगळा. आपल्याकडे हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात, तीही आतड्या-लिव्हरच्या आसपास, आणि हीच चरबी शुगर-बीपीला जास्त त्रास देते. म्हणून आपली वॉर्निंग आधी वाजवतात. जे लोक 'मी तर किडकिडीत आहे, मला काय होतंय' म्हणून कॅम्पला दांडी मारतात त्यांनी हा प्रश्न दोनदा वाचावा.

३. कमर नेमकी कुठे मोजायची? माझा पॅन्टचा साइज तर दहा वर्षं ३४ च आहे.

पॅन्टचा साइज तसाच राहतो कारण पॅन्ट खाली सरकत जाते! पोट पुढे येतं आणि पट्टा त्याच्याखाली जाऊन बसतो, हे तुमच्या आसपास बघा, अर्धा फ्लोअर असा आहे. कमर मोजायची ती शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमीच्या आत असावी. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढा दोरा घ्या, मधोमध दुमडा आणि पोटाभोवती गुंडाळून बघा, टोकं भिडली नाहीत तर कमर उंचीच्या अर्ध्याहून जास्त आहे. आमचे आजोबा करदोटा बांधायचे, तो घट्ट झाला की आजी भाताचं पातेलं उचलून आत न्यायची, बीएमआय वगैरे कुणी ऐकलं नव्हतं. मला विचाराल तर महिन्यातून एकदा कमर मोजणं हे रोज काट्यावर उभं राहण्यापेक्षा कामाचं (रोजच्या काट्याबद्दल १३ बघा).

४. मी खरंच जास्त खात नाही हो. मग वाढतं कसं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बहुतेक लोक खोटं बोलत नसतात. जेवण तेवढंच असतं, दिवस बदललेला असतो.

माझंच सांगते. आधी मी मुंबईत नरिमन पॉइंटला होते, डोंबिवलीहून. घर ते स्टेशन चालत, दादरचा जिना, चर्चगेटला उतरून शेअर टॅक्सीची लाइन मोठी असली की चालतच ऑफिस, संध्याकाळी परत तेच. याला मी कधी व्यायाम म्हटलं नाही, कटकट म्हणायचे. मग पुण्यात हिंजवडीला आले, कंपनीची कॅब सोसायटीच्या गेटवर, लिफ्ट, खुर्ची, लिफ्ट, कॅब. डबा तोच, पोळ्या तेवढ्याच, आणि दोन वर्षांत सात किलो. वर ट्रॅफिकमधून घरी यायला साडेआठ, जेवायला दहा, आणि भूक मारायला वाटेत जे काही खायचे ते माझ्या हिशोबात 'जेवण' नव्हतंच.

ऑफिसचं खाणं असंच असतं, मोजलं जात नाही. कुणाचा बड्डे, केक. कुणाला मुलगा झाला, पेढे. कुणी गावाहून आलं, कंदी पेढे किंवा कडक बुंदीचे लाडू. दिवाळीनंतर पंधरा दिवस प्रत्येकाच्या घरची चकली-करंजी टेबलावर उघडी. यातलं काही वाईट नाही, पण 'मी काहीच खात नाही' म्हणणाऱ्याने एक आठवडा, फक्त एक, तोंडात जाईल ते सगळं मोबाइलमध्ये लिहून बघावं. मी लिहिलं होतं, तिसऱ्या दिवशीच गप्प बसले.

५. मग चहा बंद करू का?

चहा नाही, साखर मोजा. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दहा चमचे, चमच्याला साधारण ४ ग्रॅम धरले तरी ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी, दूध वेगळं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपासच ठेवा, म्हणजे चहातच कोटा संपून वर गेला. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर कागदावर पाच किलो चरबी होते, प्रत्यक्षात शरीर थोडं ऍडजस्ट करतं म्हणून तेवढी चढत नाही, पण दिशा कळली ना. मशीनचा चहा तर आधीच गोड असतो, त्यात बदल करता येत नाही, म्हणून मी कपच तीनवरून दोन केले. आणि चहाबरोबरची खारी हलकी लागते म्हणून हलकी नसते, ती मैदा आणि फॅट आहे, बास.

६. दिवसभर बसतो, पण संध्याकाळी जिम करतो. हिशोब फिटला ना?

बराचसा. २०१६ साली दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात असं दिसलं की रोज ६० ते ७५ मिनिटं बऱ्यापैकी हालचाल करणाऱ्यांमध्ये आठ तास बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळजवळ दिसेनासा होतो. पण रोज तासभर आपल्यातले किती जण करतात? जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्याहून सोपी आहे, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखं काहीतरी आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. तेवढं करा आणि मधेमधे उठत राहा.

या सगळ्या शोधाची सुरुवात लंडनच्या बसमधून झाली, हे मला भारी वाटतं. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी दाखवलं की डबल डेकरच्या जिन्यावरून दिवसभर वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. पुढे त्यांनी युनिफॉर्मच्या मापांच्या नोंदी काढल्या तर ड्रायव्हरांच्या पॅन्टची कमर मोठी, पण तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा! म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नाही, थोडा फरक आधीपासूनचा असू शकतो. माणसाचा हिशोब कधीच एका कारणात संपत नाही.

७. कंपनीकडे स्टँडिंग डेस्क मागू का?

पाठीसाठी मागा. वजनासाठी नको, उभं राहून तासाला बसण्यापेक्षा जेमतेम ९ कॅलरी जास्त जळतात. त्यापेक्षा प्रिंटर लांब ठेवा, तो निर्णय माझ्या हातात आहे आणि मी तो घेतला आहे, शिव्या पोचल्या.

८. रोज १०,००० पावलं होत नाहीत, मग काही उपयोग नाही का?

आहे की! तो आकडा कुठल्या डॉक्टरने शोधलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, 'मानपो-केई', अर्थ दहा हजार पावलांचं मीटर, आणि तो आकडा जगभर चिकटला. २०१९ चा एक अभ्यास आहे, सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवरचा, त्यात २,७०० पावलांवाल्यांपेक्षा ४,४०० वाल्यांचं मरणाचं प्रमाण स्पष्ट कमी होतं आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक पडत नव्हता. आपण त्या वयाचे नाही हे खरं, पण मुद्दा असा की ३,००० वरून ५,००० ला गेलात तरी कमावलंत. फक्त चालून भराभर वजन उतरेल ही आशा नको, अर्ध्या तासाच्या चालीत सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात आणि कोपऱ्यावरचा एक वडापाव त्या परत देऊन वर व्याज देतो.

९. दीक्षित की दिवेकर? घरात यावरून भांडणं आहेत.

आमच्या ऑफिसात पण होती. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत संपवा, मधे खाणं नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला (हा चालायचा भाग लोक सोयीस्करपणे विसरतात). ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं घरचं, आपल्या भागातलं, मोसमातलं खा आणि थोडंथोडं खा, उपाशी राहू नका. दोन्हीने उतरलेले लोक मी पाहिलेत आणि दोन्ही सोडून परत वाढलेले पण.

वेळेच्या खिडकीत खाण्यावर चीनमध्ये १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर प्रयोग झाला, २०२२ साली छापून आला. कॅलरी दोन्ही गटांच्या सारख्याच कमी केल्या होत्या, एका गटाला वेळेचं बंधन होतं, दुसऱ्याला नाही. वजन दोन्हींचं उतरलं, फरक म्हणण्यासारखा नव्हता. म्हणजे घड्याळात जादू नाही, पण घड्याळामुळे तुमची पाचची खारी आणि अकराचं आइस्क्रीम सुटत असेल तर तुमच्यापुरती ती जादूच. ज्याने तुम्ही वर्षभर राहू शकाल ते निवडा. फक्त एक, शुगरची गोळी (विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता जेवण टाळू नका, शुगर एकदम खाली जाते. आमच्याकडे एकाला मीटिंगमध्ये घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

१०. डब्यात काय न्यावं? पोळी सोडून भाकरी चालू केली तर?

भाकरी चांगलीच, पोट भरलेलं राहतं. पण कॅलरी पिठाच्या वजनाप्रमाणे येतात, ज्वारीचं पीठ काही फुकट येत नाही, आणि हाताएवढी जाड बाजरीची भाकरी वर लोणी हे पातळ फुलक्यापेक्षा जास्तच होतं. खरा घोळ वेगळा आहे. आपला टिपिकल डबा म्हणजे चार पोळ्या आणि बटाट्याची किंवा भेंडीची सुकी भाजी, यात प्रोटीन नावालाच. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. एका पोळीत जेमतेम ३ ग्रॅम, एका अंड्यात ६. त्यामुळे दोन पोळ्या कमी करून मटकीची उसळ, पिठलं, दही, उकडलेली अंडी, सोयाबीन यातलं काहीतरी घाला, चारला भूक लागत नाही. भाजीतलं तेल एकदा चमच्याने मोजून बघा, मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, बाटलीने ओतलं की कळतच नाही.

११. समोसा-जिलेबीवर वॉर्निंग लावणार होते ना? आपल्या कॅन्टीनचं काय?

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या एम्सवरून ती बातमी फिरली होती. प्रत्यक्षात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सरकारी ऑफिसांना लॉबीत, कॅन्टीनमध्ये, मीटिंग रूममध्ये 'तेल आणि साखर बोर्ड' लावायचा सल्ला दिला होता, म्हणजे कशात किती तेल-साखर दडलंय ते सांगणारे फलक. समोशावर सिगारेटसारखा इशारा लावा असं म्हटलेलं नाही, असा खुलासा मंत्रालयाने नंतर केला. आपल्याकडे मी बोर्ड लावलाय, त्याच्याखालीच समोसे संपतात.

१२. माझी नाइट शिफ्ट आहे. वरचं काहीच लागू पडत नाही.

खरंय, तुमचं गणित वेगळं. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, तेच जेवण रात्री दोनला घेतलं तर शुगर दिवसापेक्षा जास्त वर जाते. त्यात झोपेची बोंब. शिकागो विद्यापीठात २००४ साली १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं तर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के कमी आणि भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के जास्त निघालं. दोन रात्रीत! तुम्ही तर वर्षं काढता. म्हणून पहाटे चारला मॅगी खावीशी वाटते ती तुमची 'सवय खराब' म्हणून नाही. जमेल तेवढं असं करा: मुख्य जेवण निघण्याआधी घरीच, मधे हलकं (ताक, फुटाणे, फळ, अंडं), शेवटच्या तीन-चार तासांत चहा-कॉफी नाही, घरी जाऊन जाड पडदा लावून झोप. आणि दुपारी बाराला बेल वाजवणाऱ्या कुरिअरवाल्यांसाठी दारावर चिठ्ठी. जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, उठल्यावर डोकं दुखत असेल, तर स्लीप ऍप्निया आहे का ते तपासून घ्या, तो वजनाने वाढतो आणि माणसाला दिवसभर पेंगत ठेवतो.

१३. दोन दिवसात दीड किलो वाढलं! काय झालं?

पाणी झालं. चरबीचा एक किलो म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, एवढं दोन दिवसांत जास्तीचं खाणं कठीण आहे, लग्नात असलात तरी. मीठ जास्त (शनिवारी चायनीज खाल्लं ना?), पाळीच्या आधीचे दिवस, पोट साफ नसणं, सगळ्याने काटा किलो-दोन किलो हलतो. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर, आठवड्यातून एकदा बघा आणि महिन्याची दिशा बघा. याच कारणाने 'आठवड्यात चार किलो' वाल्या जाहिरातीत जे उतरतं तेही मुख्यतः पाणीच असतं. पायावर किंवा तोंडावर सूज दिसली, दम लागला, तर मात्र हे वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

१४. उपवास करते, तरी उतरत नाही.

एकादशी अन् दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे शुद्ध स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि तूप, वर बटाट्याचा कीस, वेफर, दुपारी शिकरण. श्रद्धेने करत असाल तर खुशाल करा, वजनाच्या नावावर मात्र टाकू नका. फळं, ताक, भगर-आमटी बेताची, असा उपवास चालतो. डायबिटीसवाल्यांनी ९ चा शेवट वाचा.

१५. मला थायरॉइड आहे, त्यामुळेच असणार ना?

थोडंसं त्यामुळे. थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन साधारण दोन ते साडेचार किलोच्या घरातलं असतं, आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी. गोळी चालू होऊन टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नॉर्मल आलं असेल तर उरलेले पंधरा किलो थायरॉइडच्या खात्यावर टाकता येत नाहीत (सॉरी). पीसीओएसमध्ये (बायकांमधली हार्मोनची गडबड, पाळी अनियमित होते) उतरवणं खरंच कठीण जातं, पण तिथे वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळी नियमित व्हायला मदत होते, म्हणून टार्गेट छोटं ठेवा. काही औषधांनीही वाढतं: स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या. संशय आला तर डॉक्टरांना विचारून बदला, स्वतःहून बंद करू नका.

१६. ते इंजेक्शन घेऊ का? मित्राचं बारा किलो उतरलं.

मार्च २०२५ मध्ये मौन्जारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवायची इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून दर कॅम्पला हा प्रश्न. औषध काम करतं यात वाद नाही, वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्याच्या दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे लग्नाच्या आधी तीन महिने घ्यायची ही गोष्ट नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, चरबीबरोबर स्नायूही जातात म्हणून प्रोटीन आणि ताकदीचा व्यायाम लागतोच, गरोदरपणात चालत नाही, घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर नाहीच. बीएमआय २४ असताना ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणणारे लोक मला माहीत आहेत, त्यांना माझ्याकडून नमस्कार.

१७. ऑफिसात सगळे वजनावरून बोलतात. हसून सोडू का?

'काय, लग्न मानवलं वाटतं', 'अगं किती सुटलीस', 'लिफ्टमध्ये तू नंतर ये'. हे प्रेमाने म्हणतात म्हणे. टोमणे खाऊन कुणी बारीक होत नाही, उलट माणूस डबा एकट्याने खायला लागतो, जिमला जायची लाज वाटते, आणि कॅम्पला यायचं टाळतो, हे मी यादीवर दरवर्षी बघते. सरळ 'माझ्या वजनावर बोलू नकोस' म्हणा, एकदाच, न हसता. थांबलं नाही तर एचआरला लेखी द्या. बारीक लोकांना 'घरी जेवायला देत नाहीत का' विचारणं पण यातच आलं.

आणि चोरून खूप खाणं, मग उलटी काढणं, दिवसचे दिवस उपाशी राहणं, किंवा कशातच मन न लागून वजन झरझर वाढणं-उतरणं असं काही चालू असेल तर तो डाएटचा विषय राहिलेला नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आणि मराठीतही बोलता येतं.

१८. वजनाचं ऑपरेशन इन्शुरन्समध्ये बसतं का?

बसू शकतं, पण अटी आहेत: डॉक्टरांचा सल्ला, वय १८ पूर्ण, बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा ३५ किंवा जास्त असून सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ऍप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ डायबिटीस यांसारखं काही, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असले पाहिजेत. इथे २३-२५ वाले भारतीय आकडे चालत नाहीत. पॉलिसीतला वेटिंग पिरियड वाचा, आणि ग्रुप पॉलिसीत वेगळं असू शकतं म्हणून आधी टीपीएला (इन्शुरन्सचे क्लेम बघणारी एजन्सी) मेल टाका, तोंडी 'हो' वर ऍडमिट होऊ नका.

१९. कॅम्पच्या आधी दोन दिवस गोड बंद केलं तर रिपोर्ट चांगला येईल ना?

उपाशीपोटीची शुगर जरा बरी दिसेल कदाचित, एचबीएवनसी नाही, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब असतो, गणपतीतले मोदक धरून. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवा, मग १० ते १२ तास काही नाही, बिनसाखरेचा चहासुद्धा नाही, पाणी चालतं. दारू नको. बीपी-शुगरच्या सकाळच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आणि साडेसातलाच या, नऊनंतर लाइन लिफ्टपर्यंत जाते आणि नाश्त्यातली इडली संपलेली असते, मग वडेच उरतात.